पोरगी ‘आर्ट’ला जाते म्हणते

बारावीचा निकाल लागला की मला येणारे फोन दोन प्रकारचे असतात. पहिला : “मॅडम, टक्के कमी पडले, आर्टला टाकू का?” दुसरा जरा खालच्या आवाजात, बहुतेक स्वयंपाकघरातून : “मॅडम, टक्के चांगले आहेत हो, तरी पोरगी आर्टला जाते म्हणते. तुम्हीच समजवा तिला काहीतरी.” पहिल्या फोनला मी सरळ नाही म्हणते. जे मूल दुसरीकडे कुठे जमलं नाही म्हणून चित्रकलेत येतं, त्याला इथेही जमत नाही. दुसऱ्या फोनला मात्र वेळ द्यावा लागतो. या महिन्याचं लेखन त्या दुसऱ्या फोनवाल्या अम्मींसाठी आहे. अब्बांनीही वाचायला हरकत नाही.

आधी एक घोळ मिटवू. ‘आर्ट्स’ म्हणजे बी.ए., तिथे इतिहास, उर्दू, मराठी, राज्यशास्त्र. ‘आर्ट’ म्हणजे बी.एफ.ए. किंवा काही विद्यापीठांत बी.व्ही.ए., दृश्यकलेची पदवी. एका ‘स्’चा फरक, पण एकात तीन वर्षांत वह्या भरतात आणि दुसऱ्यात चार वर्षांत हाताला घट्टे पडतात. मागे एका घरी मी गेले तर वडील खूश होते, “आर्ट्सला घातलं मुलीला, आरामात होईल.” मुलगी दाराआड उभी राहून मला डोळ्यांनी खुणावत होती, की सांगू नका. तिने फॉर्म बी.एफ.ए.चा भरला होता. असं करू नका मुलींनो. चार वर्षं लपवता येणारी ही गोष्ट नाही. रंगाचे डागच सांगतात.

आता मुख्य प्रश्न, जो फोनवर क्वचितच कुणी विचारतं : तिथे शिकवतात तरी काय? नोकरी मिळेल का, हॉस्टेल कसं आहे, लग्नाच्या वेळी लोक काय म्हणतील, हे सगळं विचारतात. पण शिक्षण काय आहे हे कळल्याशिवाय बाकीच्यांची उत्तरं अधांतरीच राहतात.

माझी भाची राज्याबाहेरच्या एका विद्यापीठात ही पदवी करते आहे. घरच्यांची समजूत अशी होती की ती चित्रं काढायला गेली. पहिल्या सहा महिन्यांत तिने फोनवर सांगितलं ते असं : मातीचं काम सुरू आहे, ओलं फडकं रोज बदलावं लागतं, नाहीतर माती तडकते. मग लाकूड कोरणं. कोरताना डावा हात छिन्नीच्या पुढे ठेवायचा नाही, हे पहिल्याच दिवशी बजावलं आणि दुसऱ्या दिवशी एका मुलाचं बोट कापलं. मग जस्ताचा पत्रा, त्यावर मेण, त्यावर सुईने रेघ, मग पत्रा आम्लात, मग शाई भरून दाबयंत्रातून कागद. “खाला, छापलेलं चित्र उलटं येतं, म्हणून अक्षरं उलटी लिहायची सवय करतेय.” त्याशिवाय कलेचा इतिहास. अजिंठ्यापासून मुघल लघुचित्रांपर्यंत आणि पुढे युरोपपर्यंत. त्याचा लेखी पेपर असतो आणि मुलं नापास होतात ती बहुतेक त्यातच. फोटोग्राफी आणि संगणकही आहेतच.

बऱ्याच ठिकाणी पहिलं वर्ष असं सगळ्यांना सारखं असतं. रंगकला, शिल्प, मुद्राचित्र, उपयोजित कला यांपैकी शाखा निवडायची ती नंतर. काही ठिकाणी प्रवेशालाच शाखा विचारतात. मला विचाराल तर पहिली पद्धत चांगली. सतराव्या-अठराव्या वर्षी मुलाला एवढंच माहीत असतं की वहीत पेन्सिलने काढलेला चेहरा छान येतो. माती हातात आल्याशिवाय आपले हात मातीचे आहेत हे कळणार कसं?

एकाच माणसाने अनेक माध्यमं शिकण्याचं हे खूळ नवं नाही. आपल्या धुंडिराज गोविंद फाळक्यांचंच घ्या. मुंबईच्या जे.जे.त चित्रकला शिकले, मग बडोद्याच्या कलाभवनात गेले. तिथे रंगकाम, मूर्तिकाम, फोटोग्राफी असं एकामागून एक शिकत राहिले. त्या काळी नातेवाईक नक्कीच म्हणाले असतील, हा मुलगा एका जागी टिकत नाही. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला तेव्हा पडदे रंगवणं, पोशाख, कॅमेरा, फिल्म धुणं, सगळं त्यांना येत होतं, कारण ते सगळं ते शिकले होते.

बडोद्याचा उल्लेख आलाच आहे तर तिथेच थोडं थांबू, कारण विद्यापीठात कला शिकणं म्हणजे काय, ते आपल्या देशात तिथे फार नीट समजतं. आपलं जे.जे. जुनं, १८५७ सालचं. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी त्यासाठी एक लाख रुपये दिले. आज त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जाही मिळाला आहे. पण ते घडलं कलाशाळा म्हणून. बडोद्यात १९५० साली महाराजा सयाजीराव विद्यापीठाने ललित कलेची विद्याशाखाच काढली. म्हणजे विज्ञान, वाणिज्य तशीच कला. रंगकला विभागाची धुरा आपल्या इंदूरच्या ना. श्री. बेंद्रे यांच्याकडे होती, शिल्पाची शंखो चौधुरींकडे. चित्र काढणाऱ्याने इतिहास वाचायचा आणि इतिहास वाचणाऱ्याने हात काळे करायचे, अशी तिथली रीत. के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारखे शिक्षक तर मुलांना लाकडाची, कापडाची खेळणी करायला लावायचे. आपल्या जत्रेसारखा तिथे कलामेळा भरतो, मुलं आपण केलेल्या वस्तू विकतात.

सुरेंद्रनगरच्या एका घरातून १९५५ साली एक मुलगा तिथे शिकायला आला, गुलाममोहम्मद शेख. पुढे लंडनला जाऊन आला, तिथेच आधी कलेचा इतिहास शिकवला, मग रंगकला शिकवली. २०१४ साली पद्मभूषण मिळालं. पण मला त्यांची दुसरी गोष्ट जास्त आवडते. ते गुजरातीतले कवी आहेत, आणि ‘घेर जतां’ या त्यांच्या आठवणीवजा लेखांच्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार आहे. चित्रकाराला दोन ओळी लिहिता येत नाहीत हा आपला एक लाडका गैरसमज आहे. या पदवीत लिहावं लागतं, आपलं काम चार लोकांसमोर उभं राहून समजावून सांगावं लागतं, आणि ते लोक तोंडावर चुका काढतात. माझी भाची पहिल्यांदा रडली ती हात कापला म्हणून नाही, सगळ्या वर्गासमोर सरांनी “हे तू का केलंस?” असं विचारलं आणि तिला उत्तर आलं नाही म्हणून. आता येतं. घरीसुद्धा येतं, त्याचा माझ्या बहिणीला त्रास आहे.

आता त्या प्रश्नाकडे येऊ जो फोनवर आडून आडून येतो. सजीवांची चित्रं काढायची का?

मी आलिम नाही. मसला सांगणं माझं काम नाही आणि ते मी करणार नाही. यावर आपल्यात एक मत नाही हे तुम्हालाही ठाऊक आहे. एका घरात दिवाणखान्यात आजोबांचा फोटो असतो, शेजारच्या घरात बाहुलीसुद्धा नसते. ज्यांच्यावर तुमचा भरवसा आहे त्यांना जरूर विचारा. मी फक्त अभ्यासक्रमात काय येतं ते सांगू शकते, म्हणजे विचारताना तुम्हाला नेमकं विचारता येईल. मानवाकृतीचा अभ्यास, ज्याला लाइफ म्हणतात, पहिल्या वर्षी बहुतेक सगळ्यांना असतो. रंगकला आणि शिल्प घेतलं तर तो पुढेही खूप असतो. उपयोजित कलेत कमी. वस्त्रकला, सिरॅमिक, अक्षरकला, यांत आणखी कमी. २०१८ साली ‘न्यूड’ हा मराठी चित्रपट आला तेव्हापासून प्रत्येक आईच्या मनात जो प्रश्न आहे, त्याचं उत्तरही संस्थेला थेट विचारा : तुमच्याकडे मॉडेल कसं बसतं, कोणत्या वर्षी, सक्ती आहे का? संस्थेगणिक हे वेगळं असतं. विचारायला लाजू नका. प्रवेश घेताना विचारलेला प्रश्न कुणालाच बोचत नाही.

बोचतो तो उशिरा विचारलेला. माझी एक विद्यार्थिनी होती. इंटरमिजिएटला ‘ए’ ग्रेड, हात असा की मी तिचे कागद अजून जपून ठेवलेत. प्रवेश मिळाला, दोन वर्षं झाली. सुट्टीत घरी आली तेव्हा दादाजींनी तिची फाइल उघडली. आत एका म्हाताऱ्या हमालाची उघडी पाठ काढलेली होती. फक्त पाठ. फाइल बंद झाली आणि शिक्षणही. वाद दादाजींशी घालण्यात अर्थ नव्हता. ते आपल्या समजुतीला प्रामाणिक होते. पण ही पाठ पहिल्या वर्षीच्या अभ्यासक्रमाच्या पत्रकात लिहिलेली होती, आणि दोन वर्षांत घरातल्या कुणी ते पत्रक वाचलं नव्हतं. तिच्याशी बोलून शाखा बदलता आली असती. ती आज लग्नसराईत मेंदीच्या ऑर्डरी घेते. सुंदर काढते. तिच्या मेंदीच्या नक्षीत कुठेही रेघ चुकत नाही. मला बघवत नाही, एवढंच.

आणि सजीव आकृतीशिवाय कला उरतेच काय, असं वाटणाऱ्यांसाठी दोन नावं सांगते. दोघीही १९३७ साली जन्मलेल्या. नसरीन मोहमदी यांचा जन्म कराचीचा, पण वाढल्या मुंबईत. लंडनच्या सेंट मार्टिन्समध्ये शिकल्या आणि १९७२ पासून अखेरपर्यंत बडोद्याच्या त्याच विद्याशाखेत शिकवत राहिल्या. त्यांच्या प्रौढ कामात माणूस नाही, पक्षी नाही, झाडही नाही. शाई, पेन्सिल, फूटपट्टी आणि रेघ. बहुतेक चित्रांना नाव नाही, तारीख नाही. पुढे आजाराने हालचालींवर ताबा राहिला नाही तरी त्यांची रेघ सरळच राहिली. १९९० साली त्या वारल्या, त्या आपल्या अलिबागजवळच्या किहीमला. २०१६ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने आपली नवी इमारत उघडताना जी प्रदर्शनं लावली, त्यांत एक त्यांचं होतं.

दुसऱ्या झरीना हाश्मी. अलीगढच्या. त्यांनी कलेची पदवी घेतलीच नाही, अलीगढ मुस्लिम विद्यापीठातून गणितात बी.एस्सी. केलं. लाकडाचे ठसे आणि छापकाम नंतर बँकॉक, पॅरिस, टोकियो असं फिरत शिकल्या. १९९९ सालच्या त्यांच्या एका मालिकेत ३६ ठसाचित्रं आहेत. प्रत्येकाला एक उर्दू शब्द आणि त्या शब्दाची चार रेघांत मांडणी. घर, दार, उंबरा या भोवतीचे शब्द. फाळणीत विखुरलेल्या घरातल्या मुलीने आपलं घर पुन्हा कागदावर आखलं. ज्या मुलीला गणित आवडतं तिला चित्रकला आवडू शकत नाही, असं अजून आपल्या शाळांत मानतात. सायन्सच्या मुलीला ड्रॉइंगच्या तासाला बसू देत नाहीत. असो, त्यावर पुन्हा कधी.

पोटापाण्याचं काय? इथे मी गोड बोलणार नाही. चित्रं विकून घर चालवणारे थोडे असतात आणि त्यांनाही वर्षं लागतात. पण या पदवीतली बहुतेक मुलं चित्रं विकत नाहीत. ती जाहिरातीत जातात, ॲनिमेशनमध्ये, कापडाच्या डिझाइनमध्ये, पुस्तकांच्या मांडणीत, मोबाइलवरच्या ॲपचा पडदा आखण्यात, संग्रहालयात, शाळेत. तुमच्या संगणकावर देवनागरी वाचताना ‘मंगल’ नावाचा टंक दिसतो ना? तो र. कृ. जोशी यांनी केला. जे.जे.त शिकलेले, अक्षरांवर जीव असलेले गृहस्थ. आणि तुमच्याकडे येणारं उर्दू वर्तमानपत्र ज्या नस्तालीकमध्ये छापलेलं असतं, ते बहुतेक ‘नूरी नस्तालीक’. मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोडअक्षरं हाताने लिहून काढली तेव्हा १९८१ साली ते यंत्रावर आलं. त्याआधी कातिब रात्रभर बसून पान लिहायचे. अक्षर हे चित्रच आहे आणि त्याला गिऱ्हाईक कधी कमी पडत नाही. देवनागरी आणि उर्दू दोन्ही लिपी ज्या मुलीच्या हातात आहेत, तिच्याकडे वर्गातल्या इतरांपेक्षा एक हत्यार जास्त आहे. तिला ते कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते.

तसंच हुनरवाल्या घरांचं. वडील टेलर, काका बोर्ड पेंटर, आजीने जरीकाम केलेलं, नाना हिमरूच्या मागावर बसलेले. अशा घरातली मुलं मुलाखतीत “वडील काय करतात?” म्हटलं की मान खाली घालतात. घालू नका! हुसेनसाहेबांनी मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवली होती. कच्छमधले अजरखचे कारागीर इस्माईल मोहम्मद खत्री कॉलेजात न जाता ठसे मारत आणि नैसर्गिक रंग शिजवत राहिले, त्यांना २००३ साली इंग्लंडच्या डी मॉन्टफोर्ट विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली. कापडावर कात्री कशी वळते हे लहानपणापासून बघितलेल्या मुलाला संकल्पचित्राचा कागद रिकामा वाटत नाही.

खर्चाचं सांगते. सरकारी आणि अनुदानित संस्थांत फी झेपते, खासगीत डोळे पांढरे होतात. पण खरी गळती सामानाची. कागद, रंग, ब्रश, पत्रे, छिन्न्या, फ्रेम, प्रिंट काढणं, प्रत्येक सबमिशनला नवं काहीतरी. फीच्या हिशेबात हे कुणी धरत नाही आणि मुलं घरी मागायला कचरतात, मग स्वस्त रंग वापरून मार्क घालवतात. प्रवेशाआधीच वरच्या वर्गातल्या मुलांना विचारून महिन्याचा आकडा काढा. जुन्या मुलांकडून ईझल, बोर्ड, हत्यारं अर्ध्या किमतीत मिळतात. महाराष्ट्रातल्या संस्थेत प्रवेश असेल तर महाडीबीटी पोर्टलवर फीसवलतीच्या आणि अल्पसंख्याक शिष्यवृत्तीच्या योजना बघा. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला निकालाआधीच काढून ठेवा. जूनमध्ये तहसीलच्या दारात उभं राहून तो मिळत नाही. क्लासवाल्यांपासून जरा जपून. आमच्या भागातल्या एका क्लासने दोन महिन्यांची भलीमोठी फी घेऊन मुलांकडून एकच निसर्गचित्र घोटून घेतलं. परीक्षेत निसर्गचित्र नव्हतंच.

परीक्षेत काय असतं? महाराष्ट्रात बी.एफ.ए.साठी राज्याची सीईटी असते : वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र आणि कलेचं सामान्य ज्ञान. बाहेरच्या विद्यापीठांच्या परीक्षा आणि तारखा वेगळ्या. बडोदा, शांतिनिकेतन, दिल्लीचं जामिया मिल्लिया, अलीगढ, प्रत्येकाचं संकेतस्थळ डिसेंबरपासून बघत राहा. बऱ्याच ठिकाणी केलेल्या कामांचा संच मागतात. त्यात इंटरनेटवरून उतरवलेले नटनट्यांचे चेहरे घालू नका, हे मी दरवर्षी सांगते आणि दरवर्षी मुलं तेच घालतात. घरातला मिक्सर, अब्बांची स्कूटर, वाळत घातलेले कपडे, गल्लीतला चहावाला, हे समोर बसून काढलेलं, चुकलेलं, खोडलेलं कामच परीक्षकाला हवं असतं.

धाकटी भावंडं सातवी-आठवीत असतील तर शासकीय रेखाकला परीक्षा, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, चुकवू नका. इंटरमिजिएटच्या ग्रेडचे वाढीव गुण दहावीला मिळतात हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून मुलं बसतात. पण हात खरा त्याच वयात बसतो.

स्मरणचित्राला मात्र क्लास लागत नाही. आठवड्याच्या बाजाराला मुलीला सोबत न्या, वही नको, पेन्सिल नको. कांद्यावाल्याने पाय कसा दुमडलाय, तराजूची दांडी कुठल्या बाजूला कललीय, बुरखा घातलेल्या बाईने पिशवी कोणत्या हातात धरलीय, एवढं बघायला सांगा. घरी आल्यावर अर्ध्या तासात काढायचं. असे आठ-दहा बाजार झाले की फरक दिसेल. त्या दिवशी तिने कोथिंबीर आणायची राहून गेली तर तेवढं सांभाळून घ्या.